अर्धवट मंडळाची सोंगटी

जरा थांबा. आधी माझी गरगर थांबू द्या. आत्ताच पटावरून घरंगळून फरशीवर आपटलोय, तिथे गोल गोल फिरलोय, आणि अजून मला व्हरांड्याच्या दोन-दोन जाळ्या दिसताहेत. हं, झालं. आता बोलतो.

मी पितळेचं बटण आहे. साधंसुधं नाही, रेल्वेच्या गार्डच्या काळ्या कोटाचं. पण कोट सुटला त्याला बरीच वर्षं झाली. आता मी सोंगटी आहे. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत जितके घरगुती खेळ अर्धवट पडलेत, त्या सगळ्यांची मी एकुलती एक भरवशाची सोंगटी! मी इंजिन झालोय, वाघ झालोय, तोफ झालोय, एकदा तर नवरदेवसुद्धा झालोय. एवढं सगळं झाल्यावर बटणाला थोडा तोरा चढला तर बिघडलं कुठे?

फक्त एक दुःख होतं. एवढ्या खेळांत फिरून मी एकाही खेळाच्या शेवटच्या घरात पोहोचलो नव्हतो. पोहोचणार कसा? शेवटचं घर कुणी काढलेलंच नसायचं! त्या घरात मी कसा पोहोचलो, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्र्यातून गोल कापला, वर ठसा मारला, मागे कडी डकवली, झालो तयार. आमच्यातली काही बटणं स्टेशनमास्तरांकडे गेली, काही तिकीट तपासनिसांकडे. माझ्या वाट्याला आले गुलाबराव गार्ड. मूळचे अमळनेरकडचे, बदल्या होत होत जयपूरला आलेले. मनाने मोकळे, आवाजाने मोठे आणि पोटाने त्याहून मोठे. माझी जागा नेमकी त्या पोटावर होती. वरची बटणं नुसती शोभेला, खरी नोकरी माझी.

ते दिवसही मजेचे होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून आम्ही हिंडायचो. गुलाबराव हिरवा झेंडा दाखवायचे, शिट्टी फुंकायचे, आणि शिट्टी फुंकताना पोट असं काही फुगायचं की माझ्या कडीला घाम फुटायचा.

मग त्र्याऐंशी सालच्या थंडीतला तो रविवार आला. सुलोचनाबाईंच्या व्हरांड्यात मंडळी जमली होती. सुलोचनाबाई म्हणजे रेल्वेच्या शाळेतल्या प्राथमिकच्या बाई. एकट्या राहायच्या, कडक चहा करायच्या आणि सगळ्या कॉलनीला शिस्त लावायच्या. त्या दिवशी गुलाबराव शेजारच्या मारवाडी कुटुंबाकडे दाल-बाटी-चुरमा रिचवून आले होते. तुपात भिजलेल्या बाट्या किती, ते मी सांगणार नाही, कारण माझं मोजण्याकडे लक्ष नव्हतं, मी जीव मुठीत धरून होतो. मध्ये सतरंजीवर एक पुठ्ठा पसरला होता. तो बघायला गुलाबराव वाकले, आणि दोरा तुटला.

काय उडालो म्हणता! थेट पंख्याच्या उंचीपर्यंत. वर जाताना सगळा व्हरांडा पाहिला, खाली येताना उलटा पाहिला आणि पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध येऊन बसलो.

"अगं बाई," पुठ्ठ्याच्या मालकीण म्हणाल्या, "मला सोंगटी कमीच पडत होती!"

गुलाबरावांनी आपल्या उघड्या पडलेल्या कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या ताई तुमच्याकडेच. तिथं जास्त शोभून राहिलं ते." कोटाला त्यांनी सेफ्टी पिन लावली. ती अजून आहे.

अशा रीतीने मी अर्धवट मंडळात दाखल झालो. नाव सुलोचनाबाईंनीच ठेवलेलं. झालं होतं असं, की कॉलनीत ज्याला-त्याला खेळ तयार करायची हौस आणि ज्याच्या-त्याच्या ट्रंकेत एक अर्धा खेळ. विकायला नव्हे, बक्षिसाला नव्हे, निव्वळ हौस. गुलाबरावांचा आगगाड्यांचा खेळ होता. त्यात दर आठवड्याला एक नवा नियम निघायचा, कधी लाल कंदिलाचा, कधी धुक्याचा, कधी रुळावर बसलेल्या म्हशीचा. मी त्यात इंजिन होतो. सिविल लाइन्सच्या फाटकापाशी एक अख्खा हिवाळा मी उभा होतो, कारण फाटक कधी उघडायचं, यावर गुलाबरावांचा स्वतःशीच वाद चालू होता.

छावणीतून हवालदार संभाजी यायचे, सोडाला मोहल्ल्यातून सायकल मारत, हँडलला कचोऱ्यांची पुडी अडकवून. ते कोल्हापूरकडचे. त्यांची तऱ्हा वेगळीच. गुलाबराव एकच खेळ संपवत नव्हते, तर हवालदार दर महिन्याला नवा खेळ सुरू करायचे. "ह्यो बगा, ह्यो लई भारी हाय," असं म्हणून नवा कागद पसरायचे. मागच्या महिन्यातला भारी कुठे गेला, असं विचारलं की कचोरी पुढे करायचे. आणि खुद्द सुलोचनाबाई? त्यांचा पत्त्यांचा खेळ होता, पत्त्यापत्त्यावर पक्ष्याचं चित्र. पहिल्या पत्त्यावरचा मोर मनासारखा होईना म्हणून दुसरा पत्ता जन्मालाच येत नव्हता.

माणसांना आरंभाचं भारी वेड. पहिल्या दिवशी नवी पेन्सिल, नवी पट्टी, डोळ्यांत चमक, जेवायलाही उठायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात म्हणायचे, आता काय, झालंच की. आणि एकदा का झालंच की म्हटलं, की खेळ कपाटावर चढायचा. मला त्यांचा राग नाही यायचा. मला स्वतःला सुरुवातीची सगळी घरं इतकी पाठ झाली होती, की डोळे मिटून फिरलो असतो. पण पुढचं काही पाहिलेलं नव्हतं.

म्हणून मंडळाच्या रीती ठरल्या होत्या. रविवारी चहाला प्रत्येकाने आपला खेळ आणायचा, कितीही अर्धा असो. बाकीच्यांनी तो आहे तसा खेळायचा, तोंडदेखलं कौतुक करायचं नाही. 'छान आहे' असं जो म्हणेल त्याने सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. बाईंचं म्हणणं, छान म्हटलं की माणूस समाधानाने खेळ गुंडाळून ठेवतो. दुसऱ्याच्या खेळाला मात्र कुणी हात लावायचा नाही, सुधारायचा नाही, खेळून दाखवायचा फक्त. आणि ज्याने आठवडाभर काडीचंही काम केलं नसेल, त्यानेही यायचं. खेळ आणून मध्ये ठेवायचा. का नाही केलंस, असं कुणी विचारायचं नाही.

बक्षीसही होतं एक. ज्याचा खेळ पुरा होईल, त्याचा पट जवळच्या बगरू गावातल्या छिप्यांकडून कापडावर ठशांनी छापून घ्यायचा, काळ्या-लाल रंगात, आणि सोंगट्या लाकडी, कातीव. सगळे त्या पटाची स्वप्नं बघायचे. आजवर बगरूला कुणी गेलं नव्हतं.

आता ज्यांच्या पुठ्ठ्यावर मी पडलो, त्या रत्नमालाताईंबद्दल सांगतो. त्यांचे यजमान उत्तमराव सिग्नल खात्यात, मूळ नाशिककडचे. ताई घरी शिवणकाम करायच्या. बोलायला हळू, हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्यांच्या खेळाचं नाव 'बदली'. पटावर जयपूरचा परकोटा, म्हणजे तटाच्या आतलं जुनं शहर, त्यातले सरळसोट रस्ते, चांदपोल, त्रिपोलिया, जौहरी बाजार. खेळाडू स्टेशनवर उतरतो तो वळकटी घेऊन. मग त्याने घर मिळवायचं, दूधवाला मिळवायचा, मुलांच्या शाळेत दाखला मिळवायचा, भाजीवालीशी ओळख काढायची. एका घरात दोन सोंगट्या आल्या की आधीची बाहेर, पुन्हा स्टेशनवर. रेल्वेच्या क्वार्टरचं असतं ना, नवा माणूस आला की जुन्याने जागा सोडायची, तसंच. कॉलनीतल्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागला नाही.

खेळ फक्कड रंगायचा. अडायचं ते शेवटी. बदली होत राहणाऱ्या माणसाचं शेवटचं घर कोणतं? ताईंनी आधी तिथे गावाकडचं घर काढलं, मग खोडलं, कारण गावी घर राहिलंच नव्हतं. मग बढती काढली, तीही खोडली. स्वतःचा बंगला काढला, त्याला स्वतःच हसल्या आणि खोडला. असं खोडून खोडून शेवटच्या घराच्या जागी पुठ्ठ्याला भोक पडलं.

हा खेळ पुरा होणं ताईंना एवढं का हवं होतं, ते त्यांनी एकदा पेटीकोटाला नाडी ओवता ओवता बाईंना सांगितलं. "बाई, मी आयुष्यात काही पुरं केलंच नाही हो. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं, लग्न झालं, बदली झाली. पेटी शिकत होते, चार राग झाले, बदली झाली. स्वेटरची एक बाही झाली, बदली झाली." तो एका बाहीचा स्वेटर उत्तमराव खरंच घालायचे, वरून कोट चढवला की कळत नसे. ताई हसत सांगत होत्या, पण मी त्यांच्या मुठीत होतो आणि ती मूठ घट्ट मिटलेली होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की माझ्यासाठी नाही तर निदान या बाईसाठी तरी एकदा शेवटपर्यंत पोहोचावं.

एका उन्हाळ्यात तर ताईंनी पटाला हातच लावला नाही. दर रविवारी यायच्या, पट मध्ये ठेवायच्या आणि मान खाली घालून बसायच्या.

"बाई, या वेळीही काही केलं नाही मी."

"आणलंयस ना? मग झालं. चला, ताईचा खेळ घ्या आधी," बाई म्हणायच्या.

आणि सगळे खेळायचे, भोकासकट. एकदा मी सगळ्यांच्या पुढे होतो. गुलाबरावांचा शेंगदाणा मागे पडलेला (ते सोंगटी म्हणून शेंगदाणा घ्यायचे आणि खेळता खेळता खाऊन टाकायचे), हवालदारांचं बाटलीचं बूच मागे, बाईंचा चिंचोकाही मागे. फाशावर सहा पडले. ताईंनी मला उचलून शेवटच्या घरात ठेवलं, आणि मी सरळ भोकातून खाली गेलो! सतरंजीची सुरकुती, तिथून फरशी, तिथून उतारावरून घरंगळत पार मोरीत.

"काय भो, आपला गडी तर मोरीत रिटायर झाला!" गुलाबराव ओरडले. हवालदार हसून हसून आडवे झाले. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि ताई, त्यासुद्धा किती दिवसांनी इतक्या हसल्या, की त्यांना उचकी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. मला मोरीत पडल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही, पुन्हा पडलो असतो.

पण शहाऐंशीच्या मार्चमध्ये उत्तमरावांची ऑर्डर आली. भावनगर. आठवडाभरात निघायचं.

त्या संध्याकाळी ताई आमच्या गार्डसाहेबांकडे आल्या. पदराच्या टोकाची गाठ सोडून मला बाहेर काढलं. "हे तुमचं बटण," त्या म्हणाल्या. "कोटाला लावून घ्या आता. पट मी ट्रंकेच्या तळाशी टाकतेय. तिथे गेल्यावर बघू."

तिथे गेल्यावर बघू! हे तीन शब्द मी चांगले ओळखत होतो. स्वेटरच्या दुसऱ्या बाहीचं याच शब्दांनी झालं होतं. माझं पितळ थंडगार पडलं.

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "माझं बटण? कोणतं बटण? माझ्या कोटाला सगळी बटणं आहेत," असं म्हणून त्यांनी छाती पुढे काढली. पोटावर सेफ्टी पिन लखलखत होती. "ताई, तुमचं काहीतरी चुकून राहिलं. न्या ते परत."

ताई मला घेऊन परत गेल्या, आणि गुलाबराव तसेच चपला घालून बाईंकडे धावले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तोड काढली. रीतीप्रमाणे ताईंच्या खेळाला तर कुणी हात लावायचा नव्हता. पण ताईंच्या भांड्यांना, गाद्यांना, लोणच्याच्या बरण्यांना हात लावायला कुठल्या रीतीने मनाई केली होती? सामान सगळ्यांनी बांधायचं, ताईंनी अंगणातल्या लिंबाखाली बसून नुसता खेळ पुरा करायचा.

"आणि स्वयंपाक?" ताईंनी विचारलं.

"तो डबा माझ्याकडून. तू बस," बाईंनी वर्गातला आवाज काढला. ताई बसल्या.

निघायच्या दिवशी सकाळपासून जो धुमाकूळ चालला, तो बघून मला नुसती भोवळ येत होती. हवालदार लष्करी पद्धतीने बांधत होते, म्हणजे हाताला लागेल ते गुंडाळायचं आणि दोरी आवळायची. गुलाबराव रेल्वेच्या पद्धतीने, म्हणजे खोक्याला खिळे, खिळ्यांवर गोणपाट, गोणपाटावर लाखेचं सील. "सील झालं की विषय संपला," ते अभिमानाने सांगत होते. दोघांची स्पर्धा लागली. उत्तमरावांनी दाढीचं सामान जरा खाली ठेवलं, तेही गेलं. अर्ध्या दाढीनिशी ते दिवसभर फिरले, आणि मंडळाच्या नावाला शोभले.

ताई लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या, समोर पट, पटावर मी. शेवटच्या घराचं काही जमत नव्हतं. दुपारी त्या तोंडावर पाणी मारायला आत गेल्या. तेवढ्यात हवालदार आले. बाज दिसली, बाजेवर सतरंजी दिसली. "ही ऱ्हायलीच की!" असं म्हणून त्यांनी सतरंजी चारी टोकांनी उचलली, आत पट, पटावर मी, फासा, चिंचोका, सगळं गाठोडं झालं आणि खोक्यात गेलं. वरून पाटा-वरवंटा. वरून खिळे. वरून गुलाबरावांचं सील. मी आतून जिवाच्या आकांताने ओरडलो, पण बटणाचा आवाज तो किती!

अंधारात पडल्या पडल्या मला हादरे कळत होते. हातगाडी, मग रस्ता, मग फलाट. माझ्या शेजारी गरम मसाल्याचा डबा होता. मी शिंकलो असतो, पण नाक नाही.

बाहेर काय झालं ते पुढे कानावर आलंच. ताई बाहेर येऊन बघतात तो बाजही नाही. त्या धावत स्टेशनवर आल्या. फलाटाच्या टोकाला सगळी खोकी रचलेली होती, संध्याकाळच्या गाडीला जोडायच्या सामानाच्या डब्यात चढवायची. सगळी एकसारखी, गोणपाटात शिवलेली, सगळ्यांवर तेच लाखेचं सील.

"कुठल्या खोक्यात आहे?" ताई एकेक सील चाचपत होत्या.

हवालदारांनी टोपी काढली. "वैनी, म्या काय बगून भरलंच न्हाई."

"उघडा मग सगळी!" बाई म्हणाल्या.

आणि इथे गुलाबराव अडून बसले. "असं कसं उघडता येईल? सील आहे त्याच्यावर!"

"अहो, तुम्हीच लावलंय ना!"

"मी लावलं म्हणून काय झालं? सील ते सील. तोडायचं तर दोन साक्षीदार लागतात." तीस वर्षांची गार्डकी अशी एकदम सुटत नाही. शेवटी बाई आणि हवालदार साक्षीदार म्हणून उभे राहिले, प्रत्येक सील तोडण्याआधी गुलाबरावांनी मोठ्याने 'सील शाबूत' म्हटलं, दोघांनी 'शाबूत' म्हटलं आणि मग खिळे उपटायला सब्बल चालली. एकेका खोक्यातून कढया निघाल्या, उशा निघाल्या, उत्तमरावांचा दाढीचा ब्रश निघाला. हमाल गोळा झाले. "मैडमजी, क्या ढूँढ रहे हो? गहना?" एकाने विचारलं.

"गहना नाही भैया, खेळ!" ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा वरवंटा उचलला गेला. ऊन! काय ते ऊन! ताईंनी पट छातीशी धरला आणि मला मुठीत.

पण मग त्या खोक्यावर बसूनच राहिल्या. "राहू दे आता, बाई. गाडीची वेळ झाली. नाही झालं ते नाही झालं."

"नाही झालं ते आम्हाला माहितेय," बाई म्हणाल्या. "जिथवर आलंय तिथवर खेळू. आण इकडे."

एका खोक्यावर पट मांडला. गुलाबरावांनी खिशातून शेंगदाणा काढला, हवालदारांनी फलाटावरून बूच शोधून आणलं. उत्तमराव पलीकडे हमालांच्या मदतीने खोकी पुन्हा ठोकत होते. मी जौहरी बाजारात घर मिळवून निवांत बसलो होतो, इतक्यात हवालदारांचं दान पडलं आणि त्यांचं बूच नेमकं माझ्या घरात आलं.

"घ्या, मी बाहेर," ताई म्हणाल्या आणि मला उचलून स्टेशनकडे न्यायला लागल्या.

"न्हाई," हवालदारांनी बूच उचललं. "सकाळधरनं तुमचं सामान बांधतोय, आनि आता तुमालाच घराबाहेर काढू व्हय?"

"नियम आहे, भाऊ."

"हवालदार, दुसऱ्याच्या खेळाला हात नाही," बाईंनी डोळे वटारले.

"हात कुटं लावला? म्या आपला मागं सरतोय."

तेवढ्यात चहावाला आला. हवालदारांनी कुल्हड घ्यायला हात मोकळा केला, हातातला पुठ्ठ्याचा तुकडा पटावर ठेवला. तो बरोबर भोकावर बसला.

ताईंनी खाली वाकून पाहिलं. "हे काय?"

"पलाट तिकीट. बाईंनीबी काढलंय. गार्डसाहेबांना काय लागत न्हाई, त्येंचंच स्टेशन."

"कशाला काढलंत?"

"म्हंजे? तुमाला सोडाया!"

ताई त्या तिकिटाकडे बघत राहिल्या. मग अर्ध्या फुटलेल्या खोक्यांकडे, घामाघूम झालेल्या गुलाबरावांकडे, पदर खोचून सब्बल धरलेल्या बाईंकडे बघितलं. त्यांची मूठ उघडली. मी तळहातावर पडलो होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"अहो, पेन्सिल! पेन्सिल कुणाकडे आहे?" त्या एकदम किंचाळल्या. गुलाबरावांच्या कानामागची पेन्सिल त्यांनी जवळजवळ हिसकलीच. "एका घरात दोघं आले की कुणी बाहेर जायचं नाही! बसायचं, चहा प्यायचा, आणि एकमेकांना एकेक प्लॅटफॉर्म तिकीट द्यायचं. शेवटचं घर म्हणजे स्टेशनच. जिथून सुरू झालं तेच. पण आता निघायचं. आणि निघताना ज्याच्याजवळ सगळ्यात जास्त तिकिटं, म्हणजे ज्याला सोडायला सगळ्यात जास्त माणसं, तो जिंकला!"

लगेच गुलाबराव म्हणाले, "चाल कुणाची?"

आणि आम्ही सुटलो! तिकडे डबा जोडल्याचा धक्का ऐकू आला, उत्तमराव ओरडत होते, "रत्ना, चल, अजून ट्रंका चढवायच्यात!" आणि ताई म्हणत होत्या, "आले, एक दान!" मी चांदपोलला बाईंच्या चिंचोक्याबरोबर चहा प्यायलो, त्रिपोलियाला बुचाबरोबर. आधी ज्या घरात कुणी आलं की माझा थरकाप व्हायचा, त्याच घरात मी आता वाट बघत होतो, या ना कुणीतरी, या! काय खेळ होता तो, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांना हाकलत बसलो होतो!

मग पाच पडले. ताईंनी मला उचललं आणि त्या तिकिटावर ठेवलं.

मी शेवटच्या घरात होतो. खाली भोक होतं, पण मी पडलो नाही. कसं वाटलं सांगू? काही विशेष नाही, पायाखाली जाड पुठ्ठा होता एवढंच. पण वर बघितलं तर चार माणसं फलाटावर लहान मुलांसारखी उड्या मारत होती, आणि हमाल टाळ्या वाजवत होते, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जिंकला मात्र बाईंचा चिंचोका. त्याच्याकडे तिकिटं जास्त होती. ताईंना त्याचं भानही नव्हतं. "झाला! बाई, झाला पुरा!" एवढंच त्या म्हणत होत्या. नंतर खिडकीतून त्यांनी मला गुलाबरावांच्या हातात दिलं, "मंडळात राहू दे, इथे गरज आहे," म्हणाल्या आणि गाडी हलली.

पुढे बाई आणि गुलाबराव बगरूला जाऊन पट छापून घेऊन आले. काळ्या रेषा, लाल घरं, चांदपोलच्या कमानीवर छोटी बुट्टी. एक भावनगरला धाडला, एक मंडळात आहे. आणि त्याबरोबर आल्या कातीव लाकडी सोंगट्या, गुळगुळीत, रंगीत. त्या रविवारी 'बदली' मांडला तेव्हा माझ्या जागी एक हिरवी सोंगटी उभी राहिली. मला काठावर ठेवलं. खरं सांगतो, क्षणभर माझं पितळ काळवंडलं. ज्या खेळासाठी मोरीत पडलो, वरवंट्याखाली झोपलो, त्यात आता मला जागा नव्हती! मग कळलं, पुऱ्या झालेल्या खेळात बटणाला जागा नसते, आणि म्हणूनच तो पुरा झालेला असतो. तेव्हापासून मी काठावर बसून खुशीत टाळ्या वाजवायला शिकलो. हात नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

ताईंचा कापडी पट बघून बाकीच्यांच्या अंगात वारं शिरलं. गुलाबरावांनी सिविल लाइन्सचं फाटक एकदाचं उघडलं आणि मी पलीकडे गेलो. पलीकडे अजून काही काढलेलं नाही, पण हवा चांगली आहे. बाईंचा मोर जसा आहे तसा राहिला आणि दुसऱ्या पत्त्यावर पोपट आला. हवालदार जुन्या कागदांकडे परत वळलेत, एकेक उघडून बघतात आणि स्वतःच म्हणतात, "आयला, ह्यो पन भारी हुता की."

आता अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे. माझ्यावरचा ठसा झिजला, कडी वाकडी झाली. पण मी तुम्हाला हे सगळं आजच का सांगतोय? कारण काल भावनगरहून कार्ड आलंय. रत्नमालाताईंनी तिथे नवा खेळ सुरू केलाय, तिथल्या चार माणसांना जमवून. बरंच काही लिहिलंय, पण माझ्या कामाचं एकच वाक्य: 'अर्धा झालाय आणि अडलाय, बटण पाठवा.'

अडलाय! आत्ता वाचून दाखवल्यावर मी आनंदाने उडालो आणि इथे फरशीवर पडलो. गुलाबरावांची सुट्टी मंजूर झालीय, संध्याकाळी त्यांच्या खिशातून निघतोय. तेव्हा थोडक्यात मागणं मागतो. तुमच्याही कपाटावर, ट्रंकेच्या तळाशी, काहीतरी अर्धं पडलेलं असणार. ते खाली काढा. एकट्याने उघडायची लाज वाटत असेल तर चार माणसांत उघडा, आहे तसं मध्ये ठेवा. लाकडी सोंगटीची वाट बघत बसू नका, घरातलं एखादं बटण घ्या. ते भोकातून पडेल, मोरीत जाईल, तरी परत येईल. आणि ज्या दिवशी त्याची गरज संपेल, त्या दिवशी त्याला बिनदिक्कत काढून काठावर ठेवा. बटणाला त्याहून मोठी बढती नसते.